केशवराव जेधे : बारामतीचे पहिले खासदार आणि आपल्या एका मताची गोष्ट

बारामती किंवा इंदापूरहून पुण्याला एसटीने जाणारा माणूस स्वारगेटला उतरतो. रिक्षावाल्याला, कंडक्टरला, फोनवरच्या नातेवाइकाला तो एक नाव सांगतो : जेधे चौक. पूर्ण नाव देशभक्त केशवराव जेधे चौक. तिथल्या उड्डाणपुलालाही तेच नाव आहे. पण हे जेधे कोण, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. कान्होजी जेध्यांचं नाव अनेकांना ठाऊक असतं, केशवरावांचं कमी जणांना. आणि बारामती लोकसभा मतदारसंघाचे पहिले खासदार हेच होते, ही गोष्ट तर खुद्द बारामतीतही फार थोड्यांना माहीत आहे.

आपल्याकडे बारामतीच्या निवडणुकीची गोष्ट निघाली की ती पवारसाहेबांपासून सुरू होते आणि पवार घराण्यातच फिरत राहते. ते साहजिकही आहे. पण शरद पवार बारामतीतून पहिल्यांदा लोकसभेवर गेले ते १९८४ साली. त्याच्या २७ वर्षं आधी, १९५७ मध्ये, या मतदारसंघाने दिल्लीला पाठवलेलं पहिलं नाव केशवराव मारुतीराव जेधे हे होतं. त्यांचं आयुष्य समजून घेतलं तर एक मतदारसंघ कसा घडतो हे कळतं. आणि आपण मुस्लिम मतदार म्हणून आज ज्या यादीत बसतो, ती यादी कशी तयार झाली हेही कळतं.

जेधे मॅन्शनचा मुलगा

केशवरावांचा जन्म २१ एप्रिल १८९६ चा, पुण्याचा. घराणं मूळचं भोरकडच्या कारी गावचं, शिवाजी महाराजांना सुरुवातीपासून साथ देणाऱ्या कान्होजी जेध्यांचं. पण केशवरावांच्या काळापर्यंत घर पुण्यात स्थिरावलं होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा धंदा होता, पैसा होता, मान होता. शुक्रवार पेठेतला त्यांचा वाडा जेधे मॅन्शन म्हणून ओळखला जाई. थोरले बंधू बाबुराव जेधे सत्यशोधक चळवळीतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या जवळचे. त्यामुळे केशवरावांच्या कानावर लहानपणापासून महात्मा फुले आणि शाहू महाराज हीच दोन नावं पडत होती.

शाहू महाराजांचं नाव आपल्या समाजाने विसरता कामा नये. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे त्यात होते. म्हणजे मुसलमानही होते. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी कोल्हापुरात स्वतंत्र संस्था आणि वसतिगृह उभं करून दिलं. ब्राह्मणेतर किंवा बहुजन हा शब्द त्या काळात जेव्हा वापरला जाई, तेव्हा त्यात शेतकरी मराठा होता, माळी होता, धनगर होता, तसाच गावगाड्यातला मुलाणीही होता. आपल्याकडचे तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार ही नावं पाहा. हे सगळे धंद्यावरून ओळखले जाणारे, हातावर पोट असणारे लोक. शाळेची पायरी त्यांच्यासाठी तेवढीच उंच होती जेवढी कुणब्याच्या पोरासाठी.

तापलेली पुण्याची वर्षं

तरुण केशवराव मात्र शांत सुधारक नव्हते. १९२२ च्या गणेशोत्सवात त्यांनी दिनकरराव जवळकरांबरोबर छत्रपती मेळा उभा केला. मेळा म्हणजे गाणी म्हणत, संवाद करत फिरणारा जथा. या मेळ्याची गाणी पुण्यातल्या ब्राह्मणी वर्चस्वावर थेट हल्ला करणारी होती. समोरूनही तसंच उत्तर येई. भांडणं झाली, दगडफेकीपर्यंत गोष्टी गेल्या.

१९२५ मध्ये जवळकरांचं देशाचे दुश्मन हे पुस्तक निघालं. प्रकाशक केशवराव जेधे. लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात अतिशय कडवट टीका होती. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. तेव्हा त्यांची वकिली नुकतीच सुरू झालेली होती. १९२६ मध्ये अपील मंजूर झालं आणि सगळे सुटले.

त्याच सुमारास केशवराव पुणे नगरपालिकेत होते. महात्मा फुल्यांचा पुतळा शहरात उभा करावा असा ठराव त्यांनी आणला. ज्या शहरात फुल्यांनी मुलींची पहिली शाळा काढली, ज्या शहरात फातिमा शेख आणि सावित्रीबाईंनी एकत्र शिकवलं, त्याच शहराच्या नगरपालिकेत तो ठराव फेटाळला गेला. ही जखम केशवरावांना बराच काळ ठसठसत राहिली असणार.

त्या पुस्तकाची आणि त्या मेळ्याच्या गाण्यांची भाषा आज वाचली तर खटकते. माणसाच्या विचारावर टीका करणं वेगळं आणि साऱ्या जातीवर चिखल उडवणं वेगळं. आपल्या समाजाला तर हा फरक चांगलाच समजतो, कारण सोशल मीडियावर असला चिखल आपल्या वाट्याला रोज येतो. केशवरावांचं मोठेपण असं की ते तिथेच अडकून बसले नाहीत.

भांडणातून बाहेर पडलेला माणूस

१९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला आणि केशवरावांनी मोठा निर्णय घेतला. ब्राह्मणेतर चळवळीतले अनेक पुढारी तोपर्यंत काँग्रेसला भटा-ब्राह्मणांचा पक्ष समजून दूर राहत होते. काही जण इंग्रज सरकारशी जुळवून घेत होते. केशवराव काँग्रेसमध्ये गेले, सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. आणि एकटे गेले नाहीत. त्यांच्यामागे पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी काँग्रेसकडे वळला. पुण्यात काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण नेत्याबरोबर त्यांची जोडी जमली. कालपर्यंत ज्या शहरात ब्राह्मण-ब्राह्मणेतर मेळे एकमेकांवर धावून जात होते, त्या शहरात जेधे-गाडगीळ ही नावं एका दमात घेतली जाऊ लागली.

याचा परिणाम केवळ पुण्यापुरता नव्हता. काँग्रेस शहरातल्या वकिलांच्या बैठकीतून उठून खेड्यातल्या चावडीवर गेली ती या काळात. पुढे केशवराव महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले. आज बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर या भागात गावोगावी जे राजकारण दिसतं, सोसायटी, साखर कारखाना, पंचायत यांच्याभोवती फिरणारं, त्याची मुळं या वळणात आहेत.

ज्या मतदारसंघाच्या नावातच आपण नव्हतो

आता मुद्द्याची गोष्ट. १९३० च्या दशकात केशवराव दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. त्या वेळच्या कामकाजात सदस्याच्या नावापुढे त्याचा मतदारसंघ लिहिलेला असे. केशवरावांच्या नावापुढे काय लिहिलेलं होतं? मुंबई मध्य विभाग, बिगर-मुस्लिम ग्रामीण.

म्हणजे केशवरावांना मत देणाऱ्यांच्या यादीत एकही मुसलमान नव्हता. असूच शकत नव्हता.

हे कसं झालं, ते थोडक्यात समजून घेऊ. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, तेव्हा हा भाग मुलांना सगळ्यात अवघड जातो, म्हणून सावकाश सांगते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो कायद्याने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. विभक्त म्हणजे मुसलमान उमेदवार, आणि त्याला मतं फक्त मुसलमानांची. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोघांनीही ही पद्धत मान्य केली. १९१९ च्या कायद्यात ती कायम राहिली. त्याच कायद्यात मुंबई प्रांतात मराठा आणि तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव झाल्या. पण राखीव आणि विभक्त यात फरक आहे. राखीव जागेवर उमेदवार ठरावीक समाजाचा, मात्र मतं सगळ्यांची. १९३२ च्या पुणे करारात दलित समाजासाठी हीच दुसरी पद्धत ठरली.

आणि मत होतं तरी किती लोकांना? ज्याच्या नावावर जमीन, ज्याचा सारा ठरावीक रकमेपेक्षा जास्त, जो आयकर भरतो, अशांना. हातमागावर बसणारा मोमीन, आठवडे बाजारात फळं विकणारा बागवान, दुसऱ्याच्या रानात राबणारा मजूर, त्याची बायको, यांना दिल्लीच्या कायदेमंडळासाठी मत नव्हतंच. तेव्हा विभक्त मतदारसंघाने आपल्याला जे दिलं ते खरं म्हणजे आपल्यातल्या मोजक्या सुखवस्तू लोकांना दिलं. गरीब मुसलमान दोन्हीकडून बाहेर होता.

याचा आणखी एक तोटा होता, आणि तो हिंदू पुढाऱ्यांनाही झाला. केशवरावांसारख्या माणसाला निवडून यायला मुस्लिम मोहल्ल्यात जायची गरजच नव्हती. मुस्लिम उमेदवाराला मराठ्यांच्या वाड्यावर जायची गरज नव्हती. एकाच गावात, एकाच ओढ्याचं पाणी पिणाऱ्या माणसांची राजकारणं दोन झाली. पुढे १९४७ ला जे घडलं त्याची कारणं अनेक आहेत, पण ही भिंत त्यातली एक होती.

संविधान सभेतली एक सही

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संविधान सभा बसली. मुंबई प्रांतातून गेलेल्या सदस्यांत केशवराव जेधे होते. या सभेने १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ रद्द करायचं ठरवलं. मुसलमानांसाठी राखीव जागा मात्र ठेवाव्यात असा विचार तेव्हा होता. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही वगळायचं ठरलं. बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला. काही मुस्लिम सदस्यांनी विरोधही केला. दोघांची कारणं प्रामाणिक होती.

शेवटी संविधानात दोन साधी कलमं आली. कलम ३२५ : प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी, आणि धर्म, वंश, जात, लिंग या कारणावरून कुणाचंही नाव वगळता येणार नाही. कलम ३२६ : प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत. वय तेव्हा २१ होतं, १९८९ पासून १८ झालं.

घरात पडून असलेल्या आपल्या व्होटर कार्डाची किंमत या दोन कलमांत आहे. केशवराव ज्या यादीतून पहिल्यांदा दिल्लीला गेले ती यादी आपल्याला वगळून होती. ज्या यादीतून ते शेवटचं दिल्लीला गेले त्यात आपले दादा-परदादा, दादी-नानी सगळे होते. वीस-बावीस वर्षांत झालेला हा बदल साधा नाही.

पक्ष काढला, सोडला

स्वातंत्र्य आलं, पण केशवराव काँग्रेसवर नाराज होते. शेतकऱ्याचा आवाज पक्षात दबतो, भांडवलदारांचं चालतं, अशी त्यांची आणि शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, नाना पाटील अशा सहकाऱ्यांची भावना झाली. जेधे मॅन्शनमध्ये बैठका झाल्या आणि १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. आपण ज्याला शेकाप म्हणतो तो हा. यशवंतराव चव्हाण मात्र काँग्रेसमध्येच राहिले. पुढे महाराष्ट्राचं राजकारण या दोन वाटांमध्ये बराच काळ विभागलं गेलं.

शेकापला खेड्यात मोठा प्रतिसाद होता, पण १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो मतपेटीत उतरला नाही. मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसने घेतल्या. दरम्यान दाभाडीच्या अधिवेशनात शेकापने मार्क्सवादाची वाट धरली होती. ती केशवरावांना पूर्णपणे मानवणारी नव्हती. १९५४ मध्ये ते पुन्हा काँग्रेसमध्ये आले.

इथे कुणी म्हणेल, हा माणूस सारखे पक्ष बदलत होता. आजच्या पक्षबदलांशी तुलना करून पाहा. आज पक्ष बदलला की पद मिळतं. केशवरावांनी १९३० ला पक्ष बदलला तर तुरुंग मिळाला. १९४७ ला सत्तेवर बसायची वेळ आली तेव्हा ते सत्तेतून बाहेर पडले. त्यांच्या निर्णयांवर टीका करता येते, पण त्यांनी ते खुर्चीसाठी घेतले असं म्हणता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्र आणि १९५७

मराठी माणसाचं राज्य मुंबईसह झालं पाहिजे, ही मागणी १९५५-५६ मध्ये पेटली. गोळीबारात माणसं मेली. हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात सर्वपक्षीय बैठक झाली आणि तिथे संयुक्त महाराष्ट्र समिती जन्मली. ही बैठक बोलावण्यात पुढाकार केशवरावांचा होता. समितीचे अध्यक्ष कॉम्रेड डांगे, सरचिटणीस एस. एम. जोशी. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, दलित फेडरेशन हे सगळे एका छताखाली येणं सोपं नव्हतं. सगळ्यांना चालेल असा माणूस मध्ये लागतो. केशवराव तसे होते. आणि जागा पाहा : ज्या टिळकांवरच्या पुस्तकापायी तरुण केशवराव कोर्टात उभे राहिले होते, त्यांच्याच स्मारकात त्यांनी सगळ्या जातिधर्मांच्या मराठी माणसांना एकत्र बसवलं.

या चळवळीत आपला वाटा काय, असं कुणी विचारलं तर एक नाव पुरे आहे : शाहीर अमर शेख. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक चालवलं आणि त्यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. योगायोग असा की २९ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांचा अपघाती मृत्यू झाला तो याच मतदारसंघात, इंदापूरजवळ. मराठी राज्यासाठी गाणारा हा मुसलमान शाहीर आपल्या मुलांना माहीत असला पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ ला गुजरातसह मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं. लोकांचा राग वाढला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली आणि पश्चिम महाराष्ट्रात जोरदार उलथापालथ झाली. अशा वातावरणात नव्याने आखलेल्या बारामती मतदारसंघाने केशवराव जेध्यांना लोकसभेत पाठवलं.

त्या वेळचं मतदान कसं होतं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. शिक्का मारायची पद्धत अजून आलेली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराने पडद्याआड जायचं आणि चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही हे जमत होतं.

आणि मतदारसंघ कसा? नीरा डाव्या कालव्याचं पाणी इंग्रजांच्या काळापासून बारामती-इंदापूरच्या रानात आलेलं. कालव्याखाली ऊस, कालव्याच्या वर जिरायत आणि दुष्काळ. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना, तिथे दूरदूरहून आलेले कामगार. इंदापूर गावात मालोजीराजांची गढी आणि चाँदशहावली बाबांचा दर्गा, जिथे आजही उरुसाला सगळ्या जातीचे लोक येतात. शहाजी आणि शरीफजी ही मालोजीराजांच्या मुलांची नावं पीर शाह शरीफ यांच्यावरून ठेवली, असं परंपरा सांगते. बारामतीत मोरोपंतांची आठवण आणि शेजारी मोहल्ला. ज्याला बिगर-मुस्लिम म्हणून वेगळं काढता येणार नाही असा हा मुलूख. बिगर-मुस्लिम ग्रामीणमधून सुरू झालेला केशवरावांचा प्रवास इथे संपला, हे मला फार बोलकं वाटतं.

वडिलांची जागा, दोन घरांची लढत

खासदारकीची मुदत केशवरावांना पूर्ण करता आली नाही. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचं निधन झालं. ज्या राज्यासाठी त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं होतं, ते राज्य १ मे १९६० ला झालं. साडेपाच महिन्यांनी ते पाहायचं राहून गेलं.

बारामतीत पोटनिवडणूक लागली. १९६० ची ही निवडणूक या मतदारसंघाच्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी म्हणावी लागेल. काँग्रेसने केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलं. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी ती प्रतिष्ठेची केली. समोर शेकापने उभे केले काटेवाडीच्या पवार घरातले थोरले, वकील वसंतराव पवार. म्हणजे केशवरावांनी स्वतः काढलेला पक्ष त्यांच्याच मुलाच्या विरोधात.

पवारांच्या घरात आई शारदाबाई शेकापच्या. स्वातंत्र्याआधी, १९३८ मध्ये, पुणे लोकल बोर्डावर निवडून गेलेल्या खमक्या बाई. घर सगळं शेकापचं. पण धाकटा शरद तेव्हा पुण्यात कॉलेजात होता आणि काँग्रेसचं काम करत होता. त्याने सख्ख्या भावाच्या विरोधात, गुलाबराव जेध्यांसाठी प्रचार केला. घराने त्याला अडवलं नाही. त्याचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. म्हणजे तेव्हा त्याचं वय १९. मतदानाचं वय २१. ज्या निवडणुकीत तो गावोगाव फिरून मतं मागत होता, त्यात त्याला स्वतःला मत नव्हतं.

गुलाबराव निवडून आले, वसंतराव हरले. घर मात्र तुटलं नाही.

नंतरची वाट

पुढची नावं भराभर सांगते. १९६२ ला पुन्हा गुलाबराव जेधे. १९६७ ला तुळशीदास जाधव, तेही एके काळचे शेकापचे संस्थापक. १९७१ ला र. के. खाडिलकर, जे इंदिराजींच्या मंत्रिमंडळात होते. १९७७ च्या जनता लाटेत संभाजीराव काकडे. १९८० ला इंदापूर तालुक्याचे शंकरराव बाजीराव पाटील. १९८४ ला शरद पवार. ते लगेच राज्यात परतले म्हणून १९८५ ला पोटनिवडणूक आणि पुन्हा काकडे. १९८९ ला पुन्हा शंकरराव पाटील. १९९१ ला अजित पवार, आणि त्याच वर्षी त्यांनी जागा सोडल्यावर शरद पवार, जे तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री झाले होते. त्यानंतरच्या सार्वत्रिक निवडणुकांत २००४ पर्यंत पवारसाहेब, २००९ पासून सुप्रिया सुळे.

२०२४ ला नणंद-भावजय समोरासमोर आल्या. सुप्रियाताई १ लाख ५८ हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. टीव्हीवाले तेव्हा म्हणत होते की बारामतीत घरातलीच लढत पहिल्यांदा होतेय. एकाच घरातली माणसं दोन बाजूंना उभी राहण्याची ही पहिली वेळ नव्हती, १९६० मध्येही ते झालं होतं. फरक एवढाच की तेव्हा भांडण पक्षाच्या विचाराचं होतं, आता पक्ष कुणाचा यावर होतं.

मुलांचा प्रश्न

वर्गात ही यादी फळ्यावर लिहिली की एखादा मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते, टीचर, यात आपलं कुणीच कसं नाही? प्रश्न रास्त आहे. बारामतीतून आजवर एकही मुस्लिम खासदार झालेला नाही. महाराष्ट्राचं चित्रही फारसं वेगळं नाही. २००४ ला बॅरिस्टर अंतुले कुलाब्यातून गेले. २००९ आणि २०१४ ला राज्यातून एकही मुस्लिम लोकसभेत गेला नाही. २०१९ ला औरंगाबादहून इम्तियाज जलील गेले आणि २०२४ ला पुन्हा शून्य. ४८ जागा आणि आपल्यातलं कुणी नाही, हे दुखणं खरं आहे. ते झाकून काही उपयोग नाही. पक्ष आपल्याकडे मतं मागायला येतात, तिकीट द्यायची वेळ आली की मागे सरतात. ही तक्रार सगळ्याच मोठ्या पक्षांबद्दल करता येते.

मग जुनी विभक्त पद्धतच बरी होती का? केशवरावांचं आयुष्य पाहिलं की याचं उत्तर सापडतं असं मला वाटतं. विभक्त मतदारसंघात आपला एक माणूस सभेत बसायचा, पण बाकीच्या सगळ्यांना आपली गरज नसायची. एका यादीत आपला माणूस कदाचित बसणार नाही, पण जो बसेल त्याला आपल्या दारात यावं लागतं. शादीखाना, कब्रस्तानची जागा, उर्दू शाळेची खोली, शिक्षकांची भरती, हे विषय घेऊन आपण त्याला अडवू शकतो. अट एकच : आपलं नाव त्या यादीत असलं पाहिजे आणि मतदानाच्या दिवशी आपण घराबाहेर पडलं पाहिजे. आणि आपला प्रतिनिधी हवाच असेल तर त्याची सुरुवात नगरपालिका, पंचायत समिती, सोसायटीपासून करावी लागते. केशवरावांनीही नगरपालिकेतूनच केली होती. पहिला ठराव हरले, पण थांबले नाहीत.

निवडणुकीच्या ड्यूटीवर शिक्षकांना जे दिसतं ते कधीकधी मनाला लागतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराचं नाव कुठेच नसतं. एका भावाचं आडनाव शेख, दुसऱ्याचं तांबोळी, वडिलांचं तिसरंच. मयताचं नाव वर्षानुवर्षं तसंच असतं आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं नाव घालायचं कुणाला सुचत नाही. यात कुणाचा कट नसतो, आपला आळस असतो.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यांची नावं मतदार यादीत तपासा. नवीन नावासाठी फॉर्म ६, नाव कमी करण्यासाठी फॉर्म ७, नाव-पत्त्याच्या दुरुस्तीसाठी आणि घर बदललं असेल तर फॉर्म ८. आपल्या भागाच्या बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयात हे काम होतं, मोबाइलवरूनही होतं. आधार, शाळेचा दाखला आणि मतदार यादी यांत नाव एकसारखं लिहिलेलं आहे का, तेवढं नीट पाहा. जमातीच्या बैठकीत, महिला मंडळात, शुक्रवारी मशिदीबाहेर हा विषय काढा. दहावी-बारावीच्या पोरांना यादी तपासायला बसवा, ती अर्ध्या तासात मोहल्ला पुरा करतील.

आणि पुढच्या वेळी स्वारगेटला उतरलात की बरोबरच्या मुलांना त्या चौकाचं पूर्ण नाव सांगा. सांगा की हा माणूस एकदा आपल्याला वगळलेल्या यादीतून निवडून आला, मग आपल्याला सामावून घेणारी यादी ज्या सभेने केली त्यात बसला, आणि शेवटी त्याच यादीने त्याला बारामतीचा पहिला खासदार केलं.